टॉवरवरच्या जाती आणि वाड्यातली शाळा

विद्यापीठातले लोक जुन्या इमारतींवर संशोधन करतात. करावंच. पण त्यांच्या 'वारसा' या शब्दाशी माझं भांडण आहे.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर घ्या. १८७८ ला पुरा झाला. पैसा प्रेमचंद रायचंदचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिथल्या गुलामांनी वेचलेला कापूस विलायतेत येईना, म्हणून इथल्या कापसाला भाव आला. त्या तेजीत हा माणूस गबर झाला. नकाशा काढणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, तरी नाव त्याचं. ज्यांनी दगड डोक्यावर वाहिला त्यांचं नाव कुठाय? मी सूतगिरणीत राबतो, म्हणून हा प्रश्न मला आधी सुचतो.

आणि त्या टॉवरवर काय कोरलंय? पश्चिम भारतातल्या जातींचे पुतळे! विद्येच्या घरावर जातींची आरास. २०१८ ला युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारशात घेतला, तो बांधकामाच्या शैलीसाठी. पुतळे जपा, तो पुरावा आहे. पण त्याला नुसतं शिल्पसौंदर्य म्हणून पुढं सरकू नका.

टॉवर झाल्यावर चारच वर्षांनी, १८८२ ला, जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन ठेवलं. रयतेच्या घामाचा महसूल वरच्यांच्या उच्च शिक्षणावर का उधळता, बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हे त्यातलं मागणं. टॉवर आणि निवेदन एकत्र वाचल्याशिवाय दोन्ही कळत नाहीत.

त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्या वाड्याची पडझड होत राहिली, कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि डिसेंबर २०२३ ला स्मारकासाठी तो पाडला गेला. टॉवरचा दगड राहिला, शाळेची भिंत गेली.

बाबासाहेबांना इमारतीचं मोल ठाऊक होतं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १९५१ ला बसली. तिथं शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. एका कॉलेजातून आपल्या साहित्याला वाट मिळाली. याला वारसा म्हणतात.

तर दोस्तहो, कुणाच्या प्रबंधाची वाट बघू नका. आपापल्या वस्तीतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत जा. कधी बांधली, कोण शिकलं, वर्ग का ओस पडले, छत का गळतं, जुन्या माणसांना विचारून वहीत उतरवा. आणि ती वही विद्यापीठाच्या टेबलावर नेऊन आदळा.