मुस्तफा कोणत्या प्रतीतला? नव्वदीतले गेम पुन्हा खेळताना

(नेवासा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळी चमकली असतील. नेवाशात व्याख्यान, आणि विषय व्हिडिओ गेम! पण हा विषय इथेच मांडायला मला आधार आहे, तो पुढे येईल. आधी आजचा प्रश्न सांगतो.

नव्वदीच्या अखेरीस आपण जे गेम खेळलो, ते आज लॅपटॉपवर, मोबाइलवर पुन्हा खेळता येतात. चाळिशीतली माणसं पोरं झोपल्यावर रात्री खेळत बसतात. खेळून झालं की मत ठरलेलं असतं. एक तर "तेव्हाचे गेम भारी होते, आताच्यात ती मजा नाही." नाहीतर "अरे, एवढंच होतं होय हे?" मला ही दोन्ही मतं अपुरी वाटतात. दोघांनीही धरून चालवलंय की आज खेळतोय तो गेम तोच आहे. तो तोच आहे का, हे कुणी तपासतच नाही.

उदाहरण मुस्तफाचं घेऊ. (हशा) बघा, नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेत ओळख पटली. मुस्तफा हे त्या गेमचं नाव नाही. नाव आहे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवरून. त्यात चार पात्रं आहेत: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. नायक जॅक. आपल्याकडे मात्र तो गेम नव्वदीच्या उत्तरार्धात गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये गाजला, आणि गाजला मुस्तफाच्या नावाने. पिवळी टोपी, सगळ्यांत वेगवान, धावत येऊन हवेत लाथ. चार परक्या नावांत एक नाव ओळखीचं होतं, ते पोरांनी उचललं आणि अख्ख्या गेमला देऊन टाकलं. नायक कोण हे कंपनीने ठरवलं होतं, आपल्या पोरांनी ते बदललं. समीक्षेच्या भाषेत याला वाचकाने केलेलं वाचन म्हणतात. पोरांना हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी केलं तेच.

आता आधाराकडे येतो. आपण बसलोय त्या गावात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांवर नकला झाल्या, चुका शिरल्या, कुणी पदरच्या ओव्या घातल्या. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलंही. गेमला ज्ञानेश्वरीच्या पंक्तीला बसवायचा माझा इरादा नाही. घ्यायची आहे ती नाथांची शिस्त: वाचण्याआधी विचारायचं, ही प्रत कुठली?

हा प्रश्न मुस्तफाला विचारा, म्हणजे गंमत कळेल. कॅपकॉमचा मूळ बोर्ड महाग होता, म्हणून नकली बोर्डही निघाले. मूळ बोर्डाच्या आवाजाच्या भागात एक कुलूपबंद चिप होती. तिची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी मेली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड निकामी व्हायचा. म्हणजे मूळ प्रतीला मरणाची तारीख होती. कंपनीने तो गेम घरी खेळण्यासाठी कधी काढला नाही. २०१८ साली कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच विकायला आणला, त्यातही मुस्तफा नाही. रीतसर पैसे मोजून तो घेता येत नाही. ही गत एकट्या मुस्तफाची नाही. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तर तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते.

मग आज आपण खेळतो ते काय? बहुतेक वेळा 'मेम' नावाच्या इम्युलेटरवर चालवलेली प्रत. हा प्रकल्प निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये सुरू केला. जुन्या बोर्डाचं काम हुबेहूब करणारं हे सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक गेमचा एक मुख्य संच धरतात आणि त्याखाली बाकीचे पाठ नोंदवतात: जपानी, अमेरिकन, आणि नकली बोर्डसुद्धा. संशोधित आवृत्तीच्या तळटीपा असतात ना, तसंच. नकली प्रत टाकून देत नाहीत, 'नकली' अशी नोंद करून जपतात. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्यातल्या अनेकांनी खेळला असेल तो नकली पाठच.

तेच घरच्या टीव्हीला जोडायच्या गेमचं. ते यंत्र जपानच्या फॅमिकॉमची नक्कल, आणि कॅसेटवर छापलेलं '९९९९ इन १'. आत खरे गेम मोजकेच. तोच कॉन्ट्रा कुठे तीस जानांनी, कुठे थेट पुढच्या स्टेजपासून सुरू व्हायचा आणि यादीत नव्या नावाने यायचा. आज कुणी अधिकृत कॉन्ट्रा आणून तीन जानांवर खेळतो आणि म्हणतो, "एवढा अवघड नव्हता राव." नव्हताच. तुम्ही दुसरा पाठ वाचला होता.

इथवर पाठाचं झालं. पण नेवाशाकडून शिकण्यासारखी दुसरीही गोष्ट आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी इथे उत्खनन केलं. उत्खननाचा पहिला नियम असा: खापर हाती आलं तर ते कुठल्या थरात मिळालं ते लिहा. थर हरवला तर खापर नुसतं खापर राहतं.

मुस्तफाचा थर कोणता? नाणं. 'मेम'मध्ये कीबोर्डवरचं ५ दाबलं की नाणं पडतं. दाबत राहा, पडत राहतात. मेलो, दाबलं ५, पुन्हा उभा. तासाभरात आठही स्टेज संपतात, शेवटचा बॉस पडतो आणि मनात येतं, एवढंच? अहो, हा गेम बांधलाच आहे नाण्याभोवती. सुरुवातीची स्टेज सोपी, म्हणजे गिऱ्हाईक रमतं. पुढे बॉस असे मारतात की खिसा रिकामा झाला पाहिजे. दोन्ही बटणं एकदम दाबली की गर्दी पांगवणारा फटका बसतो, पण त्यात आपलीच थोडी ताकद जाते. खिशात एकच रुपया असेल तर हा फटका म्हणजे मोठा हिशेब आहे: आत्ता वाचू की पुढे पुरवू? नाणी फुकट झाली की हिशेब संपला, आणि त्याबरोबर गेमचा अर्थही. उरते नुसती बटणं बडवणं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुस्तफा चांगला गेम आहे, पण तुटपुंज्या पैशात. तीन जण एकत्र खेळतात तेव्हा जमिनीवर पडलेलं खाणं कुणी उचलायचं, हा प्रश्न येतो. ज्याची जान कमी त्याला द्यायचं, की ज्याने नाणं टाकलं त्याला? हा नियम गेममध्ये कुठेही लिहिलेला नाही, तो उभं राहणाऱ्यांनी केला. फुकट नाण्यांवर तोच गेम सुमार आहे, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे.

आता उलट बाजूचं उदाहरण. मुस्तफाला कुणी वाली नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २' ला मात्र वाली आहे, आणि तो गप्प बसत नाही. गेम १९९९ चा, नवी आवृत्ती २०१९ ची, आणि २०२२ मध्ये तिच्यात गुर्जर, द्रविड, बंगाली ही राज्यं आली. आपल्याला बरं वाटतं. पण एक बारीक बदल बघा. १९९९ च्या पाठात शेत संपलं की ते पुन्हा लाकूड खर्चून, स्वतः क्लिक करून पेरावं लागायचं. लढाईच्या नादात विसरलात तर गडी रिकामे उभे. नव्या आवृत्तीत शेत आपोआप पेरलं जातं. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण तुमच्यात शेतकरी बसलेत. विचारा त्यांना, पेरणीची चिंता काढून टाकल्यावर उरते ती शेती कुठली? जुन्या पाठात लढाई आणि शेत यांची ओढाताण होती. नव्यात लढाई जिंकली. हा अर्थातला बदल आहे, आणि 'सुधारणा' या नावाखाली तो कुणाला दिसत नाही.

म्हणजे दोन संकटं. वाली नसलेला गेम नाहीसा होतो, वाली असलेला बदलत जातो. पहिल्याचा पाठ 'मेम'सारख्या प्रकल्पांनी वाचवला. थर मात्र कुठलंच सॉफ्टवेअर वाचवणार नाही. पार्लरमध्ये नाणं कितीचं होतं, हरलेल्याने किती वेळ उभं राहायचं, घरी काय सांगून यायचं, बहिणींना का येता येत नव्हतं, हे सगळं फक्त माणसांच्या डोक्यात आहे. आणि 'बहिणींना का नाही' हा प्रश्न सोडून केलेलं गोड आठवणींचं लेखन मी समीक्षा मानत नाही. अर्ध्या गावाला ज्या दारातून आत जाता आलं नाही, त्या दाराचा उल्लेख आला पाहिजे.

तेव्हा पुन्हा खेळणार असाल तर तीन गोष्टी करा. कुठली प्रत खेळताय ते बघून ठेवा. टेबलावर पाच नाणी मोजून ठेवा आणि एक दाबलं की एक बाजूला सारा. ती संपली की उठा. आणि उठल्यावर तुमच्या गावच्या पार्लरबद्दल, तिथे खेळलेल्यांना आणि न खेळू शकलेल्यांना विचारून, एक पान लिहून काढा. मराठीत लिहा. जपानी कंपनी ते लिहिणार नाही, अमेरिकन संस्थाही नाही. तो पाठ फक्त आपल्याकडे आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही.