भिंत की वेलांटी? : 'झेडझेडटी' या खेळ-कारखान्याविषयी

मंडळी, आज इथे करंजाड्यात आपण एका जुन्या खेळाबद्दल बोलणार आहोत. खरं तर खेळ तयार करण्याच्या साधनाबद्दल. नाव 'झेडझेडटी'. टिम स्वीनी या विद्यार्थ्याने डॉससाठी लिहिलेला हा प्रोग्राम १९९१ साली आला. त्यातूनच पुढे 'एपिक' ही कंपनी उभी राहिली. पद्धत शेअरवेअरची, म्हणजे पहिला भाग फुकट, आवडला तर पैसे पाठवून पुढचे भाग मागवायचे.

याचं मोठेपण आम्ही मान्य करतो. खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर 'ई' ही कळ दाबली की एडिटर उघडतो. खेळणारा आणि करणारा यांच्यात एका कळीचं अंतर! चित्रकला येत नसली तरी अडत नाही, कारण इथे चित्रंच नाहीत, आहेत ती अक्षरचिन्हं. गणितातला 'पाय' म्हणजे वाघ, 'ओमेगा' म्हणजे सिंह, भरीव चौकोन म्हणजे भिंत. प्रत्येक वस्तूला चार ओळींचा प्रोग्राम देता येतो: हात लागला तर बोल, गोळी लागली तर पळ.

चाहते म्हणतात, मर्यादा होत्या म्हणूनच कल्पनाशक्ती फुलली. हे आम्हाला अर्धंच पटतं. मर्यादा सगळ्यांना सारखी नव्हती.

आता नीट बघा. पडद्यावरच्या चिन्हांच्या तक्त्यात जागा एकूण २५६. त्यात भिंत २१९ क्रमांकावर, सिंह २३४ वर. त्याच १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरलं. त्यात २१९ म्हणजे पहिली वेलांटी आणि २३४ म्हणजे दंड. पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली होती, नाही असं नाही. पण एका तक्त्यात एका क्रमांकाला एकच अर्थ: भिंत तरी, नाहीतर वेलांटी तरी. शिवाय झेडझेडटीत एका घरात एकच चिन्ह बसतं. आपला 'क्षि' म्हणजे चार खुणा आणि आकृती एक. तो बसवायचा कुठे?

'कुणीही खेळ बनवू शकतो' यातल्या 'कुणीही'मध्ये मराठीत गोष्ट सांगू पाहणारं पोर नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं नाही, हे खरं. पण सिडकोने आखलेल्या प्लॉटवर घर आपल्या मनासारखं बांधलं, तरी रस्ता कुठून जाणार ते आधीच ठरलेलं असतं ना? तसंच हे.

झेडझेडटीचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०२० मध्ये तो स्वीनींच्या संमतीने पुन्हा उभा केला गेला आणि सगळ्यांना खुला झाला. म्हणजे आता तक्ता बदलता येईल. अवघड काम पुढचं आहे: एका घरात एक चिन्ह नव्हे, तर एक पूर्ण अक्षर मावलं पाहिजे, जोडाक्षर आणि वेलांटीसकट. ते झाल्याशिवाय या साधनाला 'सर्वांसाठी' म्हणायला आम्ही तयार नाही. तुमचं मत वेगळं असेल तर बोला, आता प्रश्न घेऊ.