खेळाडूची ‘न्याय्य’ किंमत: स्कलीचं सूत्र आयपीएलला का लागत नाही

जेराल्ड स्कली या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा ‘पे अँड परफॉर्मन्स इन मेजर लीग बेसबॉल’ हा पेपर १९७४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. खेळाडूंचा मोबदला न्याय्य आहे का, या विषयावर काम करायचं तर हा पेपर टाळता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आयपीएलच्या लिलावावर सिनॉप्सिस लिहीत असेल, तर तो आत्तापर्यंत हाताखालून गेलाही असेल. पेपर चांगलाच आहे. पण त्याची पद्धत जशीच्या तशी उचलून आयपीएलला लावली, तर उत्तर भलतंच येतं. ते का येतं, हेच आज बघू या.

आधी स्कलीने केलं काय? त्या काळी बेसबॉलमध्ये ‘रिझर्व्ह क्लॉज’ होता. करार संपला तरी खेळाडूवर हक्क त्याच क्लबचा, दुसऱ्या क्लबशी बोलणी करायची सोय नाही. मग मालक खेळाडूला किती कमी देतात, ते मोजायचं कसं? स्कलीने दोन रिग्रेशन केली. पहिल्यात विचारलं, संघाचा खेळ अमुक इतका सुधारला तर विजयाचं प्रमाण किती वाढतं? दुसऱ्यात विचारलं, ते प्रमाण वाढलं तर संघाचं उत्पन्न किती वाढतं? दोन्ही जोडली की एका खेळाडूमुळे मालकाच्या गल्ल्यात किती भर पडली, याचा अंदाज मिळतो. यालाच त्या खेळाडूचं सीमांत उत्पन्न म्हणायचं. स्कलीच्या हिशेबात खर्च वजा जाता सरासरी खेळाडूला या रकमेचा साधारण पाचवा हिस्साच मिळत होता. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने रिझर्व्ह क्लॉजची पकड सुटली आणि पगार झपाट्याने वर गेले.

पेपरचं मोठेपण इथे आहे: ‘अन्याय’ हा भावनेचा शब्द त्याने मोजता येईल असा केला. संशोधनात ही फार मोठी गोष्ट आहे.

आता आयपीएलकडे या. स्कलीचा प्रश्न इथे अगदी चपखल बसतो. अमरावतीचा आणि अनेक वर्षं विदर्भाकडून खेळलेला जितेश शर्मा घ्या. २०२२ च्या लिलावात पंजाबने त्याला २० लाखांना घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले, म्हणजे ५५ पट. मधल्या तीन हंगामांत त्याच्या धावा होत्या २३४, ३०९ आणि १८७. म्हणजे सर्वांत फिक्या हंगामानंतर सर्वांत मोठी बोली! आणखी बारकावा बघा: बोली ७ कोटींवर थांबली होती. पंजाबने ‘राइट टू मॅच’चा हक्क वापरला म्हणून बंगळुरूने एका फटक्यात ११ कोटी केले. हे ४ कोटी जितेशच्या यष्टिरक्षणाचे की नियमाचे? लिलावाच्या किमतीवर नुसत्या धावा-बळींचं रिग्रेशन चालवणाऱ्याला हा प्रश्न दिसतच नाही.

करार चालू असताना खेळाडूचे हात किती बांधलेले असतात, तेही पाहा. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने राजस्थानशी करार पुढे न नेता दुसऱ्या संघाशी बोलणी करायचा प्रयत्न केला, तर त्याच्यावर एका हंगामाची बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच जडेजा चेन्नईकडून राजस्थानला ट्रेड झाला, तेव्हा त्याची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. ट्रेडला खेळाडूची संमती लागते, हे खरं. पण खुली बोली नसताना त्या संमतीचं वजन किती, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे प्रश्न बसतो. सूत्र मात्र बसत नाही, आणि अडचण दुसऱ्या पायरीत आहे. संघ जिंकला की उत्पन्न वाढतं, हे स्कलीचं गृहीतक. त्या काळच्या बेसबॉलमध्ये प्रेक्षक तिकीट काढून येत, त्यामुळे ते चालून गेलं. आयपीएलचा मुख्य पैसा प्रक्षेपण हक्कांचा आहे. २०२३ ते २०२७ साठी ते ४८,३९० कोटींना एकत्र विकले गेले. संघांच्या वाट्याचा बराचसा भाग समान वाटला जातो. संघ पहिला आला काय नि दहावा आला काय, हा पैसा फारसा हलत नाही. मग स्कलीच्या सूत्रात प्रत्येक खेळाडूचं सीमांत उत्पन्न जवळपास शून्य येणार आणि निष्कर्ष निघणार की खेळाडूंना त्यांच्या लायकीपेक्षा जास्तच मिळतं. एकेकट्याचं योगदान शून्य, पण सगळे मिळून घरी बसले तर ४८,३९० कोटीही शून्य! बेरीज जुळत नाही, याचा अर्थ मोजायचं एकक चुकलं.

म्हणून आयपीएलमध्ये न्याय मोजायचा तर लीगच्या पातळीवर मोजायला हवा. ढोबळ हिशेब करू. प्रक्षेपणाची रक्कम सरळ पाचने भागली तर वर्षाला ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये सामन्याचं मानधन वगैरे धरून एका संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा होती १४६ कोटी. दहा संघांचे १,४६० कोटी. म्हणजे फार तर १५ टक्के, तेही प्रायोजक आणि तिकिटं न धरता. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्येही पगाराला मर्यादा आहे, ड्राफ्ट आहे, ट्रेड आहेत. पण तिथे खेळाडूंची संघटना उत्पन्नातल्या वाट्यावर सामूहिक करार करते. आपल्याकडे २०१९ मध्ये झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने टेबलावर बसणारं कुणी नाही. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, ही बातमी होते. १५ टक्क्यांची होत नाही.

सूत्राची दुसरी मर्यादा जामठ्याच्या मैदानावर दिसते. २०२४-२५ च्या रणजी हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातला तो विक्रम आहे. विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. २०२१ मध्ये ठरलेल्या दरानुसार रणजीत अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार मिळतात. हर्षला हैदराबादने बदली खेळाडू म्हणून घेतलं ते ३० लाखांना. रणजीचं स्वतःचं उत्पन्न नगण्य, म्हणून स्कलीच्या हिशेबात या ६९ बळींची किंमतही नगण्य. पण आयपीएलला लागणारा भारतीय खेळाडू घडतो तो याच स्पर्धांतून. शेत एकाचं आणि हिशेब फक्त मंडीतल्या पावतीचा, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ स्कली बाद झाला असा नाही. त्याने आपल्या काळातला पैसा कुठून येतो ते नीट पाहिलं आणि त्यावर सूत्र बांधलं. आपण त्याची पाहण्याची रीत घ्यायला हवी, समीकरण नव्हे.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘अमुक मॉडेल वापरून’ असं लिहिण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: या क्षेत्रात पैसा कुठून येतो, तो कोणत्या नियमाने वाटला जातो, आणि माझं मॉडेल यातलं काय धरून चालतं. तिसरी ओळ पहिल्या दोघींशी जुळली नाही, तर डेटा गोळा करायला अजून निघू नका. गाईडने विचारायच्या आधी हे तुमच्याच लक्षात आलेलं बरं.