प्रार्थनेतील विश्वास : अट, कृती आणि साक्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. एक अंग धर्मांतराच्या सामाजिक इतिहासाचे, तर दुसरे ख्रिस्ती आशयाने स्वीकारलेल्या देशी रचनाबंधांचे, म्हणजे ओवी, अभंग आणि कीर्तन यांचे. या दोन्ही विचारांत प्रार्थना ही एक भाषिक कृती म्हणून फारशी तपासली गेलेली नाही. वस्तुतः या वाङ्मयाचा फार मोठा भाग प्रार्थनारूप आहे. त्यामुळे प्रार्थनेत विश्वास नेमके कोणते कार्य करतो, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा उरत नाही, तो संहितेच्या आकलनाचाही होतो.

जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषिक कृतीच्या सिद्धान्तानुसार (१९६२) वचन देणे, क्षमा मागणे यांसारख्या कृती खऱ्या-खोट्या नसतात, त्या सफल किंवा विफल होतात. सफलतेच्या अटींमध्ये बोलणाऱ्याचा प्रामाणिक भाव ही एक अट असते. प्रार्थनेला हा विचार लावला की अडचण उभी राहते. येथे संबोधित उत्तर देताना ऐकू येत नाही. तो ऐकत आहे हे गृहीत धरल्याखेरीज संबोधनच संभवत नाही, आणि ते गृहीत म्हणजेच विश्वास. मग विश्वास ही प्रार्थनेची पूर्वअट की प्रार्थनेतूनच घडत जाणारी गोष्ट?

नव्या करारातच या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मागितलेले मिळालेच आहे असा विश्वास धरण्यास सांगितले आहे. येथे विश्वास ही अट आहे. त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच वाक्यात कबूल करतो, आणि अविश्वासावरच साहाय्य मागतो. त्याची प्रार्थना अट पूर्ण करीत नाही, तरीही मुलगा बरा होतो. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना आणखी वेगळी. तेथे मागणे स्पष्ट आहे, ते मान्य होत नाही, आणि तरीही प्रार्थना विफल झाली असे परंपरा मानीत नाही. कॅल्व्हिनने आपल्या ग्रंथात प्रार्थनेला विश्वासाचा प्रमुख व्यायाम म्हटले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. व्यायामाने जे बळावते ते आधीपासून पूर्ण असत नाही.

मराठीत हा प्रश्न शब्दापासूनच सुरू होतो. प्रॉटेस्टंट बायबलाने 'विश्वास' हा शब्द रूढ केला, तर कॅथलिक उपासनेच्या मराठीत 'श्रद्धा' आणि 'श्रद्धावंत' हे शब्द विशेष वावरतात. वारकरी परंपरेचा शब्द मात्र 'भाव'. विश्वास कोणावर तरी ठेवला जातो, श्रद्धा बाळगली जाते, भाव असतो किंवा नसतो. पहिल्या शब्दात व्यवहाराची छटा आहे: विश्वास ठेवणारा फसू शकतो. 'भाव' या शब्दात फसण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण तो फलावर टेकलेला नाही. सोलापूर जिल्ह्यात हे दोन शब्दव्यवहार एकमेकांना लागून आहेत. पंढरपूर याच जिल्ह्यात, आणि सोलापूर शहर एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र. सत्तर-एक किलोमीटरच्या अंतरात एकाच छंदातून दोन वेगळ्या संबोधितांना हाक घातली गेली.

ही हाक एका छंदात आणण्याचे मोठे श्रेय नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माता आहे, गुरू आहे, सखा आहे. एकेरी संबोधनाची जवळीक तर पूर्णतः वारकरी आहे. या अभंगांना ख्रिस्ती आशयाचा मराठी वेश म्हणणे अपुरे ठरते. छंद हा वेश नसतो, तो मागण्याची रीत ठरवतो. अभंगात मागणे हे बहुधा वस्तूचे नसून संबंधाचे असते. त्यामुळे टिळकांच्या प्रार्थनेत विश्वास ही आधी पुरी करण्याची अट राहत नाही, तो संबोधनातच घडतो. 'तू' म्हणणे हीच विश्वासाची कृती होते.

परंतु येथेच एक मर्यादा नोंदवली पाहिजे. तुकारामांच्या विरहात संबोधितच संशयाच्या घेऱ्यात येतो. देवाशी भांडण, त्याच्या सामर्थ्याविषयी शंका, आपल्यापुरता देव संपला असे म्हणण्यापर्यंत गेलेली निराशा, हे सारे त्या अभंगांत आहे. टिळकांच्या अभंगांत संशय आहे तो स्वतःच्या पात्रतेविषयी, संबोधिताविषयी क्वचितच. सेतू तुकारामांचा असला तरी त्याखालचे खोल पाणी टिळकांच्या पद्यात उथळ झाले आहे. याचे कारण कवीच्या सामर्थ्यात शोधण्यापेक्षा पद्याच्या उपयोगात शोधावे. टिळकांची पदे 'उपासना संगीता'त समाविष्ट झाली, मंडळीने एकत्र उभे राहून गायिली. समूहाने गायचे पद्य आश्वासनाकडे झुकते. एकट्याचा अविश्वास समूहाच्या मुखी सहसा घातला जात नाही.

मग तो अविश्वास गेला कोठे? त्याचे उत्तर गद्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४–३६) विश्वास स्तोत्रात नसून घरखर्चात दिसतो. उद्याची चिंता न करणे हे नवऱ्याचे व्रत. उद्याचे पीठ कोठून येणार हा बायकोचा प्रश्न. हाती आलेले दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक या ग्रंथात प्रेमाने आणि तितक्याच मिस्कीलपणे रेखाटले आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले. विश्वासाची किंमत नेहमी विश्वास ठेवणाराच मोजतो असे नाही, हे धर्मशास्त्रात न मांडले गेलेले सत्य लक्ष्मीबाईंचे निवेदन कोणताही आव न आणता मांडते. त्यांचा स्वतःचा ख्रिस्ती विश्वासही नवऱ्यामागून फरफटत आलेला नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, आधी सोवळे-ओवळे आणि जातीचा विचार स्वतःच्या बुद्धीने निकाली काढून, मग त्या बाप्तिस्म्याकडे आल्या. संशय हा तेथे विश्वासाचा शत्रू नसून त्याचा रस्ता आहे.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) लेखनात तिसरी भूमिका दिसते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरप्रमाणे त्यांनीही केडगावच्या मुक्ती मिशनची भिस्त प्रार्थनेवर ठेवली. मागितले आणि मिळाले याची नोंद हा त्या कार्याच्या कथनाचा भाग झाला. येथे विश्वास हे प्रार्थनेचे फल आहे आणि त्याचा वाङ्मयप्रकार साक्ष हा आहे. साक्षीची अंगभूत अडचण अशी की तिच्यात फलित प्रार्थनाच मोजल्या जातात. अफलित प्रार्थनेला साक्षीत जागा नसते. रमाबाईंची साक्ष १९०७ मधील. त्यांची कन्या मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. ते दुःख त्या साक्षीत येणे शक्यच नव्हते. पण रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. साक्ष जेथे थांबते तेथे काम चालू राहते. त्या कामाला प्रार्थना म्हणावे की नाही, याचा निर्णय वाङ्मयप्रकारांच्या रूढ चौकटीत होत नाही.

टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन'ही असेच पुढे गेले. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. 'स्मृतिचित्रे'तील संशयी गद्य आणि 'ख्रिस्तायना'तील भाविक ओवी एकाच हातची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पद्य विश्वासाचे आणि गद्य अविश्वासाचे अशी सोपी वाटणी टिकत नाही. एकाच लेखिकेला दोन्ही प्रकारांची गरज भासली, कारण एका प्रकारात दुसऱ्याचे सत्य मावत नव्हते.

यावरून निघणारा निष्कर्ष समीक्षापद्धतीपुरता नाही. केवळ अभंग वाचून मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचे वर्णन केले तर ती निःशंक ठरते. केवळ साक्ष वाचून केले तर ती सफलतेचा हिशेब ठरते. केवळ आत्मकथन वाचले तर ती घरातल्या माणसांवरचे ओझे ठरते. तिन्ही वाचने खरी, पण एकेकटी असताना अन्यायकारक. मार्कच्या नवव्या अध्यायातील बापाने जे एका वाक्यात सांगितले ते सांगायला मराठीला तीन वाङ्मयप्रकार लागले. त्याच्या वाक्यातील दुसरा अर्धा भाग गाळून पहिलाच गात राहिले, तर विश्वास उरेल, पण मागण्यासारखे काही उरणार नाही.