बहुमत : एक शब्द, दोन न्याय

पसंतिक्रमाच्या मतदानाची चर्चा करताना ‘बहुमत’ हा शब्द आपण एकार्थी समजतो. घोटाळा तेथूनच सुरू होतो. संस्कृतात ‘बहुमत’ म्हणजे ‘फार मानलेला’, गीतेत (२.३५) तो याच अर्थाने आला आहे. मराठीत ‘निम्म्याहून अधिकांचे मत’ हा अर्थ रूढ झाला. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये बोर्दा व काँदोर्से यांनी सुचविलेल्या पद्धतींतील विरोध याच दोन अर्थांचा आहे.

५ मतदारांपैकी ३ जणांचा क्रम क, ख, ग आणि २ जणांचा ख, ग, क असा समजा. बोर्दाप्रमाणे २, १, ० गुण दिल्यास ख ला ७, क ला ६ व ग ला २ मिळून ख विजयी होतो. काँदोर्सेच्या कसोटीने (१७८५) मात्र क दोघांवरही ३ विरुद्ध २ मतांनी मात करतो. ग ने माघार घेताच बोर्दाचा कौलही क कडे जातो. कोणाचीच प्रथम पसंती नसलेल्याने निकाल फिरवावा, हा त्या पद्धतीचा दोष होय. उलटपक्षी, दोघांनी क ला तळाशी ठेवले यास काँदोर्सेच्या तुलनेत वजन नाही.

३ वा अधिक उमेदवार असता मोजक्या वाजवी अटीही एका पद्धतीत नांदू शकत नाहीत, हे केनेथ ॲरोने १९५१ मध्ये सिद्ध केले. म्हणून कोणते बहुमत अभिप्रेत आहे, हे नियमातच लिहिले पाहिजे. मते मोजल्यावर अर्थ ठरविणे हाच खरा अन्याय होय.