सारंगीनंतर साथीला कोण?

सतार किंवा व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलाला आज वाद्याची अडचण नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारींकडे वळले आणि मिरजेचं नाव देशभर झालं. २०२४ मध्ये या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. क्लास आहेत, परीक्षा आहेत. पण शिकून पुढे काय, याचं आपल्याकडे एकच उत्तर आहे: स्वतंत्र वादन. आलाप, जोड, झाला, गत, मग मैफल. ती मैफल फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांचं वाद्य चार-पाच वर्षांत गवसणीत जातं.

साथीची वाट आपण हातानं बुजवली, असं माझं मत आहे. बालगंधर्वांच्या नाटकांत कादरबक्षांची सारंगी होती. गाणारा ज्या मींडेनं गेला त्याच मींडेनं मागोमाग जाणारं ते वाद्य. बोटाची नखं तारेला कडेनं लावून स्वर काढायचे, खाली तरफेच्या तीसहून अधिक तारा जुळवायच्या. मेहनत अफाट, मान कमी. हार्मोनियम आली आणि सारंगी मागे पडली. पेटीचे मोठे कलावंत महाराष्ट्रानं दिले, त्यांच्याबद्दल आदरच आहे. तरी पेटीचा स्वर जागचा हलत नाही आणि दोन स्वरांमधली जागा तिला दाखवता येत नाही, हे कुणी नाकारू शकत नाही. पंडित रामनारायण यांनी मुंबईत साथ सोडून सारंगीला स्वतंत्र वादनाचं स्थान मिळवून दिलं. त्यानं वाद्याची प्रतिष्ठा वाढली. साथीची जागा मात्र रिकामीच राहिली.

ती भरून काढण्याची ताकद व्हायोलिनमध्ये आहे. पडदे नाहीत, त्यामुळे मींड अखंड निघते. गज आहे, त्यामुळे स्वर गळ्यासारखा लांबतो. गजाननबुवा जोशी स्वतः मोठे गवई. त्यांच्या व्हायोलिनमध्ये ख्यालाची सगळी शिस्त ऐकू येते. डी. के. दातारांचं वादनही गायकीचंच. कर्नाटक संगीतात तर व्हायोलिनशिवाय गायनाची मैफल सहसा होत नाही. तिथला तरुण वादक गायकाच्या आलापनेला तिथल्या तिथे उत्तर देत वाढतो. मंचावर बसायला त्याला कीर्तीची वाट पाहावी लागत नाही. उलट, ऐकून लगेच वाजवण्याचं हे शिक्षण आपल्या विद्यार्थ्याला क्वचित मिळतं. पाठ केलेल्या ताना तो सफाईनं वाजवतो, पण गाणाऱ्यानं अनपेक्षित जागा घेतली की हात थांबतो.

समूहवादनाचंही तसंच. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले व्हायोलिनचे मोठे ताफे बहुतांशी गोव्याच्या वादकांनी उभे केले. सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. स्वरलिपी वाचून पन्नास जणांनी एका श्वासात वाजवण्याची ती विद्या होती. सिंथेसायझर आल्यावर ते काम आटलं.

आणि तंबोरा! मोबाइलमधल्या तंबोऱ्यानं रियाजाची सोय झाली, हे खरं. पण खुंटी पिळून, मणी सरकवून, घोडीवर तारेखाली दोरा बसवून जवारी खुलवताना कान जसा तयार होतो तसा बटण दाबून होत नाही. पहिले काही महिने मुलाला सतारीआधी तंबोराच जुळवायला शिकवा, असं माझं शिक्षकांना सांगणं आहे. उत्तम तंबोरा जुळवणारा माणूस कुठल्याही गवयाला हवाच असतो.

गायक-गायिकांनाही एक विनंती. घरगुती बैठकीत, भजनात, नाट्यगीतांच्या कार्यक्रमात पेटीशेजारी एखाद्या शिकणाऱ्या व्हायोलिनवाल्याला बसवा. सुरुवातीला तो चुकेल, मागे पडेल. तरीही पुढच्या कार्यक्रमाला त्यालाच बोलवा.