'आम्ही' म्हणजे कोण कोण?

जॉन स्टाइनबेकच्या 'द लॉग फ्रॉम द सी ऑफ कोर्टेझ'ची दोन-चार पानं मध्यंतरी मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच सर्वनामाला अडलो. इंग्रजीतल्या 'वुई'मध्ये समोरचा माणूस धरलाय की वगळलाय, ते कळत नाही. मराठीत मात्र 'आम्ही' की 'आपण' हे ठरवूनच पुढे जावं लागतं. जवळजवळ सगळं पुस्तक या 'वुई'वर उभं असल्यामुळे प्रश्न नुसता भाषांतराचा राहिला नाही.

१९४० सालच्या मार्चमध्ये स्टाइनबेक आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स 'वेस्टर्न फ्लायर' नावाची मासेमारीची बोट भाड्याने घेऊन कॅलिफोर्नियातल्या माँटेरेहून निघाले. सार्डिनचा हंगाम संपलेला, त्यामुळे बोटी रिकाम्या होत्या. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या आखातात शिरायचं, ओहोटीला किनाऱ्यावर उतरून दगड उलथायचे आणि खेकडे, समुद्रकाकड्या, तारामासे बरण्यांत भरायचे, असा सहा आठवड्यांचा बेत. काबो सान लुकास, ला पाझ, लोरेटो, ग्वायमास असं करत एप्रिलमध्ये ते परतले.

या पुस्तकाची गोडी त्याच्या रिकामपणात आहे. कुणाला कुठे पोचायची घाई नाही. ऐन गरजेच्या वेळी हटकून बंद पडणारं छोट्या होडीचं इंजिन, हातात न सापडणारे चपळ खेकडे, बिअर, आणि मध्येच तत्त्वज्ञान. ग्वायमासजवळ जपानी कोळंबीबोटी समुद्राचा तळ खरवडून काढताना दिसतात, कोळंबी ठेवून बाकीचे मासे मेलेले परत फेकले जातात. स्टाइनबेक त्या विध्वंसावर चिडतो, पण बोटीवरची माणसं त्याला आवडतात आणि तो दोन्ही लिहितो. निसर्गलेखनात खलनायक चटकन सापडतात. इथे तो मोह टाळलाय.

सुरुवातीलाच त्याने एक फार नेमकी गोष्ट सांगितली आहे. माशाच्या पाठीवरचे काटे प्रयोगशाळेत बरणीतल्या माशावरही मोजता येतात, आकडा बिनचूक येईल. पण गळाला लागून तडफडणारा, रंग बदलणारा मासा आणि त्याला ओढणारा माणूस यांच्यातलं नातं त्या आकड्यात नसतं. दोन्ही सत्यं हवीत, आणि कुठलं सत्य सांगतोय याचं भान हवं.

आता अडचण. या बोटीवर स्टाइनबेकची बायको कॅरल होती. पुस्तकात तिचं नाव नाही. कप्तान टोनी आहे, टेक्स आहे, स्पार्की आणि टायनी आहेत, त्यांचे विनोद आहेत, त्यांची भांडणं आहेत. कॅरल नाही. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत बायको निदान 'ही' म्हणून तरी येते. जिने 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'ला ते नाव सुचवलं, त्याचं हस्तलिखित टंकलं, जिला ते पुस्तक अर्पण झालं, तिला इथे सर्वनामाखाली झाकून टाकलंय.

लग्न मोडत आलं होतं. १९४१मध्ये, पुस्तक लिहून होत होतं त्याच वर्षी, दोघं वेगळे झाले आणि १९४३मध्ये घटस्फोट झाला. मोडत्या संसाराची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत हा सभ्यपणा असू शकतो. मला हे कारण अगदीच खोटं वाटत नाही. पण 'जे आहे ते आहे तसं पाहावं' हे ज्या पुस्तकाचं ब्रीद, त्यात सहा आठवडे बोटीवर असलेलं एक माणूस नाहीसं होतं, तेव्हा बरणीत मासा आहे पण काटे मोजताना एक गाळलाय असं वाटत राहतं.

शिवाय ते ब्रीदसुद्धा स्टाइनबेकचं नव्हे. ईस्टरच्या दिवसाखाली येणारं ते लांबलचक चिंतन मुळात रिकेट्सच्या निबंधातलं आहे. स्टाइनबेकने प्रवासात रोजनिशी ठेवली नव्हती; वर्णनाचा मोठा भाग रिकेट्सच्या नोंदींवर बेतलेला आहे. १९४१च्या पहिल्या आवृत्तीवर दोघांची नावं होती, आणि प्रकाशकाने श्रेय विभागून मांडायचं सुचवलं तेव्हा स्टाइनबेकने ठाम नकार दिला होता. तिथला 'वुई' हा खरोखर दोघांनी मिळून घडवलेला आवाज आहे, आणि पुस्तकातली उत्तम पानं त्याच आवाजातली आहेत. १९४८मध्ये रिकेट्सच्या गाडीला रेल्वेची धडक बसून तो गेला. १९५१मध्ये प्राण्यांची शास्त्रीय यादी गाळून नुसतं प्रवासवर्णन निघालं, पुढे रिकेट्सवरचा एक हृद्य लेख जोडला गेला आणि लेखक म्हणून नाव उरलं एकट्या स्टाइनबेकचं. मित्र लेखाचा विषय झाला आणि लेखकपणातून गेला. आज बहुतेक वाचक हीच आवृत्ती वाचतात. लेख सुंदर आहे, म्हणून हे जास्त खटकतं.

माझी पानं अजून अर्धवटच आहेत. ईस्टरच्या चिंतनात 'आपण' चालून जातं, कारण तिथे वाचकालाही सोबत घेतलंय. बोटीवरच्या प्रसंगांत 'आम्ही' लिहावं लागतं, आणि जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसलेत असं वाक्य आलं की मी थांबून माणसं मोजतो.